कोंढ्यातला इस्तो

दिघोरीत माचिस मिळत नव्हती असं नाही. बाबूलालच्या दुकानात डब्यांचा ढीग होता. तरी सकाळी चुली पेटवायची वेळ झाली की अर्ध्या मोहल्ल्यातल्या बाया हातात खापरी घेऊन गोदावरीबाईच्या दारात उभ्या राहत.

“बाई, इस्तो द्या जी.”

इस्तो म्हणजे विस्तव. गोदावरीबाई रोज संध्याकाळी चुलीशेजारच्या खड्ड्यात दोन-तीन निखारे धानाच्या कोंढ्यात पुरून ठेवायची. वरून कोंढा पिवळाधमक, थंडगार. हात ठेवला तरी कळायचं नाही. सकाळी काडीनं उकरलं की खाली लालबुंद इस्तो तयार. लग्न होऊन आल्यापासून एकोणीस वर्षांत आपली चूल एकदाही विझली नाही, असं ती सांगायची. एकदा विझली होती. पण ते तिच्या तोंडावर बोलायची कोणाची छाती नव्हती.

तिचं आणखी एक नाव झालं होतं ते रोवण्यातल्या जेवणाचं. धानाची रोवणी म्हणजे सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून उभं राहायचं. दुपारी बाकीच्या घरांतून थंडगार शिदोऱ्या येत. गोदावरीबाई मात्र तीन दगड धुऱ्यावरच, शेताच्या बांधावरच, मांडायची, ओली लाकडं फुकून फुकून पेटवायची आणि पंचवीस बायांना वाफाळतं जेवण वाढायची. डोळे मिरचीसारखे लाल व्हायचे. पण त्या गरम जेवणापायी रोवणाऱ्या बाया आधी सेवकरामच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरत, मग इतरांच्या. सेवकराम म्हणजे तिचा नवरा. त्याचा धान गावात सगळ्यांच्या आधी रोवून व्हायचा, तो हिच्या चुलीच्या जोरावर. हे ती जाणून होती, आणि दुसऱ्यांना जाणवून देत होती.

आता खरं सांगायचं तर बाई हेवेखोर. शेजारणीच्या म्हशीनं पावशेर दूध जास्त दिलं तर हिच्या पोटात दुखायचं. देवानं तिला रूप दिलं नव्हतं, गळा दिला नव्हता, अक्षरओळख तर लांबच. दिली होती ती एक चूल. घरोघरी मातीच्या चुली असतात हे तिलाही ठाऊक होतं; पण बाकीच्यांच्या चुलीत आपलाच इस्तो जळतो, एवढ्यावर ती पोट भरून घ्यायची.

शहात्तर साली धाकट्या दिराचं, इश्वरचं, लग्न झालं आणि अड्याळची कौशल्या घरात आली. मॅट्रिकपर्यंत शिकलेली. सासू सत्यभामाबाई तिला दारात ओवाळताना बायांना मोठ्यानं म्हणाली, “आमची धाकटी इंग्रजी वाचते हो.” गोदावरीबाईच्या अंगाचा तिथंच तिळपापड झाला. एकोणीस वर्षांपूर्वी ती या दारात आली तेव्हा हीच सासू म्हणाली होती, “पोरगी काळी आहे, पर हाडानं मजबूत दिसते.”

कौशल्या वाईट नव्हती, आणि दुखणं तेच होतं. वाईट असती तर भांडता आलं असतं. ती भांडी घासायची, पाणी भरायची, थोरलीला ‘बाई’ म्हणून मान द्यायची. फक्त चुलीपाशी बसली की तिला शाळा आठवायची. एकदा वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, रटरटत होता आणि गोदावरीबाई खाली लाकडावर लाकूड सारत होती.

“बाई, आता लाकूड कायले लावून राहिल्या? पानी एकडाव उकळलं का त्याच्याहून जास्त गरम होत नाई. खालून जंगल जाळलं तरी नाई. वरची आग सारी वाफ होऊन उडून जाते.”

गोदावरीबाईनं तिच्याकडे पाहिलं. “मंग एकोनीस सालं मी लाकडं फुकट जाळली मनतेस?”

“तसं नाई जी. शाळेत शिकवलं होतं. आग वेगळी, उष्नता वेगळी. लाकडात ऊर्जा साठून असते. झाडानं उनातूनच घेऊन ठेवली असते. जाळलं का बाहेर येते.”

“लाकडात ऊन आहे मने! मंग पुसाच्या थंडीत एक लाकूड अंगावर घेऊन झोप ना. गोधडी कायले पाह्यजे?”

सासू हसली, इश्वर हसला, कौशल्याही हसली. गोदावरीबाईला वाटलं आपण जिंकलो. पण दुसऱ्या दिवशी सेवकरामच तिला म्हणाला, “धाकटी खरं बोलते. उकळी आली का दोन लाकडं ओढून घेत जा. जंगलवाले आता मोळी आनू देत नाई.” त्या दिवशी तिनं मुद्दाम चार लाकडं जास्त जाळली.

आणि मग आली ती पेटी.

कौशल्यानं चहाचं एक रिकामं लाकडी खोकं मिळवलं. त्यात धानाचा कोंढा गच्च भरला, मधे गंज बसेल एवढी जागा ठेवली. चुलीवर तांदळाला नीट उकळी आणली, गंज झाकणासकट उचलून त्या जागेत बसवला, वरून कोंढ्यानं भरलेली पोत्याची गादी दाबली आणि चुलीतली लाकडं ओढून विझवून टाकली.

“आन भात?” सासूनं विचारलं.

“होते आपोआप. उष्नता आत आहे. तिले बाहेर जाले रस्ता नाई देल्ला का झालं. कोंढ्यात हवा अडकून असते, ते उब पयू देत नाई.”

दीड तासानं तिनं गादी उचलली. भात मऊ, मोकळा, असा गरम की सासूची जीभ भाजली. इश्वर तर नाचायचाच बाकी होता. सत्यभामाबाई त्याच संध्याकाळी चार घरी सांगून आली, आणि दुसऱ्या दिवसापासून ज्या दारात बाया इस्तो मागायला यायच्या त्याच दारात पेटी पाहायला येऊ लागल्या. गोदावरीबाईकडे पाठ करून बसायच्या. तिच्याच चुलीपुढे!

तिचा जळफळाट कोणाला दिसला नाही, पण तिची झोप गेली. आणि विचार करता करता तिला एक गोष्ट पक्की कळली, म्हणजे कळली असं वाटलं. आग विझवल्यावर भात शिजेल कसा? शिजूच शकत नाही. शिजतो त्याअर्थी आग आहे. आणि आग लपवायची जागा कोणती? कोंढा! कोंढ्यात निखारा किती वेळ राहतो, वरून कसा दिसत नाही, हे या गावात तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? धाकटीनं तिचीच विद्या चोरली होती, खाली गुपचूप इस्तो पुरत होती आणि वर शाळेचं नाव सांगत होती. दुसरी कोणी बाई असती तर तिला ही शंका आलीच नसती. जन्मभर कोंढ्यात इस्तो राखणाऱ्या बाईलाच ती येणार.

मग कौशल्या विहिरीवर गेली की ती पेटी उघडायची. गादी उचलायची, कोंढ्यात काडी खुपसून चारी कोपरे धुंडाळायची. इस्तो कधी सापडला नाही. ‘बदमाश आहे, काढून घेते आधीच,’ असं म्हणून ती गादी परत ठेवायची. त्या दिवशी भात कच्चा निघायचा. एकदा, दोनदा, तीनदा निघाला. सासू ताटावरून कुरकुरली आणि गोदावरीबाईला तो कच्चा भात अमृतासारखा लागला. तो कच्चा का राहतो, हे मात्र तिच्या ध्यानातही आलं नाही.

“कोनी उघडलं होतं का जी?” कौशल्यानं विचारलं. “उघडलं का उब पयून जाते.”

“मांजर असन,” गोदावरीबाई म्हणाली.

कौशल्यानं गादीला सुतळी बांधायला सुरुवात केली. भात पुन्हा शिजू लागला.

सत्याहत्तरचा रोवणा आला. आदल्या संध्याकाळी सेवकराम अंगणात बसला होता. तो चांगल्या मनानंच बोलला, हे सांगायला हवं.

“उद्या धाकटीची पेटी बंडीत घालून नेऊ. खिचडी गरम राह्यते. तू कायले पावसात डोळे फोडून घेतेस? खूप झालं आता.”

खूप झालं आता. एवढे तीनच शब्द. बाईनं ते गिळले, पण पचले नाहीत. उद्या पंचवीस बाया धाकटीच्या हातचं गरम जेवतील, आणि परवापासून रोवणा कोणाच्या जोरावर होतो हे गाव बदलून सांगेल. चूल गेली म्हणजे आपण गेलो. मग या घरात आपण कोण? एक काळी, मजबूत हाडाची बाई.

सकाळी कौशल्यानं मोठ्या गंजात तांदूळ आणि तुरीच्या डाळीची खिचडी चढवली, उकळी आणली, पेटीत बसवली, आणि सुतळी बांधायच्या आधी लुगडं बदलायला आत गेली. इश्वर बाहेर बंडीला बैल जुंपत होता. गोदावरीबाईनं चिमट्यानं चुलीतला एक निखारा उचलला, पेटीच्या कोपऱ्यात कोंढ्याखाली सरकवला आणि वर कोंढा सारखा केला.

आपण खोटं करतोय असं तिला क्षणभरही वाटलं नाही. इस्तो असतोच, फक्त सापडत नाही. आज धुऱ्यावर सगळ्यांच्या देखत पेटी उपडी करायला लावायची आणि म्हणायचं, पाहा, ही तुमची शिकलेली. सापडावा म्हणून तिनं तो ठेवला, इतकंच. हेवा माणसाला किती हुशार करतो ते पाहा.

“मले बी यायचं आहे,” म्हणून ती पिठाचं गाठोडं आणि तवा घेऊन बंडीत चढली. कौशल्या पेटीला पाठ टेकून बसली होती. बांधीपर्यंत कोसभर वाट. फळ्यांच्या फटींतून वारा आत जात होता.

अर्ध्या वाटेवर गोदावरीबाईच्या नाकाला वास आला. कोंढा करपल्याचा, अगदी बारीक. तो तिच्याशिवाय कोणाला कळला नसता. निखारा ठेवताना तिनं फक्त निखाऱ्याचा विचार केला होता. तिच्या खड्ड्यात वारा जात नाही म्हणून तिथला निखारा नुसता जिवंत राहतो. इथं मात्र सारी पेटी आतून पेट धरू लागली होती, आणि कोंढ्याच्या आगीला ज्वाळ नसते. हे तिला कळलं. तिनं बोलायला तोंडही उघडलं.

तेवढ्यात समोरच्या बांधीतून बाया कमरा सरळ करून ओरडल्या, “धाकटी आली, धाकटी आली! गरम गरम घेऊन आली!”

गोदावरीबाईनं तोंड मिटलं.

पेटी धुऱ्यावर उतरवली. बाया हात धुऊन गोळा झाल्या. कौशल्यानं सुतळी सोडली, गादी उचलली. वरचा कोंढा पिवळाच होता. एरवीसारखे तिनं दोन्ही हात गंजाच्या काठाखाली खोल खुपसले.

ती किंकाळी पलीकडच्या बोडीच्या पाण्यापर्यंत गेली असेल. कोणी तिला धरलं, कोणी तिचे हात बांधीच्या पाण्यात बुडवले. इश्वरनं पेटीला लाथ मारली. उपडी पडताच वारा लागून कोंढा एकदम लाल फुलला, फळ्या जळू लागल्या, करपलेली खिचडी चिखलात सांडली. बाया घाबरून मागे सरल्या.

“कोंढा आपोआप पेटला वो!” चंद्रभागाबाई नावाची रोवणारी ओरडली. “उकळता गंज ठेवला ना, पेटनारच!”

इस्तो होता आत, असं म्हणायला गोदावरीबाई सकाळपासून टपून बसली होती. आता ते म्हणायची सोय उरली नव्हती. म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, तुले कसं मालूम?

तिनं मुकाट्यानं तीन दगड मांडले, बंडीतलं पीठ मळलं आणि पंचवीस बायांना गरम भाकरी वाढल्या. रोवणा थांबला नाही. संध्याकाळी गावात एकच बोलणं होतं, थोरलीनं लाज राखली.

कौशल्याला दवाखान्यात नेलं. जीव वाचला, हात वाचले. पण उजव्या हाताची दोन बोटं आखडून राहिली. तिला गंज उचलता येईना, पीठ मळता येईना. सासू उठता-बसता बोलायची, “शिकली-सवरली आन घर पेटवाले निघाली होती.” गावात कोणी पुस्तकी शहाणपण सांगू लागलं की लोक म्हणत, “राहू दे, कौशल्याची पेटी होईन.” पुढल्या वर्षी ग्रामसेविका पेटीबद्दल ऐकून आली, तेव्हा कौशल्याच खाली मान घालून म्हणाली, “नाई जी, ठीक नाई ते. कोंढा आपोआप पेटते.”

चूल पुन्हा गोदावरीबाईची झाली. सगळं जिथल्या तिथं आलं. मग तिनं सुखी व्हायला हवं होतं ना? पण हेव्याचं पोट असं भरत नाही. दीड महिना इश्वर कौशल्याला स्वतःच्या हातानं भरवत होता. आईसमोर, भावासमोर, न लाजता घास कालवून तिच्या तोंडात घालायचा. गोदावरीबाई चुलीपुढून ते पाहायची. सेवकरामनं वीस वर्षांत तिला पाण्याचा लोटासुद्धा उचलून दिला नव्हता. भात तिनं शिजवायचा, आणि त्याचा घास त्या भाजलेल्या हातांच्या बाईला असा मिळायचा. तिला त्या हातांचाही हेवा वाटला. असं वाटणं पाप आहे हे तिला कळत होतं. तरी वाटलंच.

नऊ वर्षं गेली. सासू गेली. बाया इस्तो मागायला येईनाशा झाल्या. बाबूलालच्या माचिसीच पुरू लागल्या. गोदावरीबाईच्या छातीत धूर बसला होता. खोकला उठला की ती चुलीपुढे दुमडून जायची. डॉक्टरनं सांगितलं, चुलीपासून दूर राहा. त्याच सुमारास सरकारची बिनधुराची चूल गावात आली. सेवकराम म्हणाला, मांडून घेऊ, आणि आता स्वयंपाक धाकटी पाहील. तिचे हात बरेच वळू लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्या येऊन तिच्या बाजूला बसली. “बाई, उठा जी. मी करतो.”

गोदावरीबाईनं फुकणी आपटली. जे नऊ वर्षं दाबलं होतं ते पश्चात्तापानं नाही, रागानं बाहेर पडलं. चूल जाणारच असेल तर घेणारीला सुखानं घेऊ द्यायची नव्हती.

“तुले चूलच पाह्यजे होती ना पहिल्यापासून? घे! आन आयकून घे. तुह्या पेटीत इस्तो मीच टाकला होता. ह्या हातानं. तुले वाटते तुहं पुस्तक चुकलं. काई चुकलं नव्हतं!”

ती खोकत खोकत थांबली आणि धाकटीच्या तोंडाकडे पाहू लागली. आता ती रडेल, ओरडेल, इश्वरला बोलावेल.

कौशल्या आखडलेल्या बोटांनी चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढत होती.

“मालूम आहे, बाई.”

“काय मालूम आहे?”

“कोंढ्याची राख होते. कोळसा होत नाई. माह्या हाताले कोळसा लागला होता. धुऱ्यावर पडला, त कोनाले दिसाच्या आंदी मी पायानं चिखलात दाबला. आन उकळत्या गंजानं कोंढा पेटत नाई, तेवढा तो गरमच होत नाई. मले काय मालूम नवतं?”

“मंग बोलली काहून नाई? साऱ्या गावानं तुले हसलं!”

“बोलली असती त सासूमायनं तुमाले चुलीपाशी बसू देल्लं नसतं.” कौशल्यानं अगदी साध्या आवाजात म्हटलं, “माह्यापाशी हे होते, शिक्षन होतं. तुमच्यापाशी दुसरं होतं काय जी?”

गोदावरीबाई उठली नाही. वरणाला उकळी येऊन ते उतू गेलं, चुलीत सांडलं, धूर झाला. तिनं हात पुढे केला नाही. कौशल्यानंच पदरानं गंज उतरवला.

बाई त्या दिवसापासून बदलली, धाकटीला पोटच्या पोरीसारखं वागवू लागली, असं गावात सांगतात. लोकांना गोष्टीचा शेवट गोड लागतो. प्रत्यक्षात गोदावरीबाई त्या सकाळी भिंतीला टेकून बसली आणि जन्मात जळली नव्हती एवढी जळली. नऊ वर्षं जी चूल ती आपण जिंकली म्हणून मिरवत होती, ती धाकटीनं तिला दिलेली होती, आणि एवढं देऊन गप्प राहणं तिला स्वतःला सात जन्मांत जमलं नसतं.

“मीठ किती टाकू जी?” कौशल्यानं विचारलं.

“तुह्या मनानं टाक,” ती म्हणाली.